ओलिताचं दुबार शेत संपादनात गेलं तर? नोटीस येण्याआधी सातबारा पाहा

बुलढाणा : चिखली-मेहकर भागातल्या विहिरीवरच्या एखाद्या शेताचं वर्ष बघा. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा नाहीतर गहू. म्हणजे सोंगणीची मजुरी, थ्रेशर, बी-खत, गाडीभाडं, सगळं दोनदा. पुढं बाजार समितीत अडत्या, मापारी, हमाल. नांदुरा-मलकापूरकडं कपाशी असेल तर वेचणीचे पैसे बायांच्या हाती आणि माल जिनिंगला. मालकाला काही उरो न उरो, हा पैसा दरवर्षी तालुक्यात फिरतोच. शेत संपादनात गेलं की जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, तोही एकदाच. थ्रेशरवाल्याला कोण विचारतं?

2013 च्या भूसंपादन कायद्यानं याचा थोडा विचार केला आहे. कलम 10 प्रमाणे ओलिताची बहुपीक जमीन घ्यायचीच नाही. दुसरा काहीच पर्याय नसेल तर शेवटचा उपाय म्हणून, तेही ठरलेल्या मर्यादेत. घेतलीच, तर तेवढी लागवडीयोग्य पडीक जमीन शेतीखाली आणायची, नाहीतर तिच्या किमतीएवढी रक्कम शेतीत गुंतवण्यासाठी सरकारकडं भरायची. याच कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त मालक नव्हे. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, बटईदार यांची मुख्य रोजीरोटी जात असेल तर तेही त्यात येतात. गावात हे फार थोड्यांना माहीत असतं.

कुंपण मात्र जागोजागी तुटकं आहे. रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या यांना कलम 10 लागूच नाही. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा तालुक्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गाची जमीन थेट खरेदीनं आणि राज्याच्या महामार्ग कायद्याखाली घेतली गेली. 2018 च्या राज्य दुरुस्तीनं आणखी काही प्रकल्पांना सूट देण्याची वाट करून ठेवली.

जिथं कलम लागू आहे, तिथंही बोलतो तो कागद. विहिरीत पाणी आहे, पण गाव नमुना बारावर सिंचनाचं साधन कोरं, रब्बीचा रकाना रिकामा. मग शेत कागदावर कोरडवाहूच. ई-पीक पाहणी दोन्ही हंगामांत मोबाईलवरून वेळेत करा. विहीर-बोअरची नोंद नसेल तर तलाठ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मजूर, बटईदारांनी पुनर्वसनाच्या सर्वेक्षणावेळी आपलं नाव लिहिलं की नाही, हे यादीत स्वतः पाहावं.