असंखेय्य : नाव अगणिताचे, संख्या निश्चित

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास ‘असंखेय्य’ हा शब्द परिचित आहे. ज्याची गणना होऊ शकत नाही ते असंखेय्य, हा त्याचा व्युत्पत्तीने सिद्ध होणारा अर्थ. तथापि कच्चायन व्याकरणाच्या परंपरेत हेच एका निश्चित संख्येचे नाव आहे. ही संख्या कोणती व सुत्तांतील असंखेय्य म्हणजे तीच काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शंभर लक्ष म्हणजे एक कोटि. व्याकरणातील गणनेत त्यापुढील प्रत्येक संज्ञा आधीच्या संज्ञेच्या कोटिपट आहे : कोटि, पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, अक्खोभिणी, बिंदु, अब्बुद, निरब्बुद, अहह आणि याच क्रमाने विसावी असंखेय्य. कोटीत एकावर सात शून्ये असतात. म्हणून असंखेय्यात एकावर १४० शून्ये येतात. अर्थात ही संख्या १४१ अंकी आहे.

एवढी प्रचंड असूनही तिचे गुणधर्म कागदावर सहज मांडता येतात. तिचे मूळ अवयव दोनच, २ आणि ५. प्रत्येक १४० वेळा. म्हणून तिचे विभाजक १४१ गुणिले १४१, म्हणजे १९,८८१ होतात. तिला ३ ने किंवा ९ ने भागले असता बाकी १ उरते, ७ ने भागले असता २. ती पूर्ण वर्गही आहे : दहाव्या स्थानावरील अहहास अहहानेच गुणले की असंखेय्य मिळते. तिच्यात एक मिळवताच तिच्याहून मोठी संख्या तयार होते. तेव्हा येथे संज्ञांची यादी संपते, संख्या संपत नाहीत.

आता सुत्तांकडे वळू. कोकालिक सुत्तात अब्बुद, निरब्बुद ही नावे निरयांच्या आयुर्मर्यादेसाठी येतात. तेथे वीस अब्बुद म्हणजे एक निरब्बुद. व्याकरणात मात्र एक कोटि अब्बुद. सुत्तातील वीसपटीच्या नऊ पायऱ्या चढल्यावर येणारे पदुम अब्बुदाच्या ५१,२०० कोटिपट भरते. व्याकरणातील पदुम अब्बुदाच्या पुढे ६३ शून्ये लावल्यावर मिळते. नावे तीच, मापे सर्वस्वी भिन्न.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात कल्पाची चार असंखेय्ये सांगितली आहेत. इतकी वर्षे, इतकी शतके अशी त्यांची गणना करणे सोपे नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तेथे शब्दाचा मूळ अर्थच अभिप्रेत आहे. त्या जागी १४० शून्ये घालून कोणी वर्षांचा हिशेब मांडला, तर तो बुद्धवचनाचा अर्थ ठरणार नाही. मग तो हिशेब श्रद्धेने मांडलेला असो वा उपहासाने. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या संदर्भात आला आहे हे आधी पाहावे आणि मगच गणित करावे, हाच अभ्यासाचा योग्य मार्ग होय.