साखळी करवतीचा कार्ब्युरेटर व इंधननळ्या बदलणे

साखळी करवतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण तयार करणाऱ्या भागास कार्ब्युरेटर म्हणतात. करवत आडवी वा उलटी धरली तरी इंजिन चालावे, म्हणून त्यात दुचाकीप्रमाणे तरंगता फ्लोट नसून पातळ पडदे असतात. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारांनी त्यांतील एक पडदा हलतो आणि टाकीतील पेट्रोल ओढून घेतो.

कालांतराने हे पडदे व रबरी नळ्या ताठरतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ही हानी लवकर होते. भारतात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले. पडदेच बिघडले असतील तर त्यांचा संच पुरतो, संपूर्ण कार्ब्युरेटर बदलणे हा अनाठायी खर्च होय.

नळीची हयगय मात्र करू नये. बारीक चिरेतूनही हवा शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडते. या इंजिनाचे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने दट्ट्या कोरडा पडून सिलिंडरमध्ये अडकतो. नवी नळी मूळ व्यासाचीच घ्यावी. टोक तिरपे कापल्यास ती टाकीच्या छिद्रातून सहज ओवता येते. टाकीतील फिल्टर त्याच वेळी बदलतात. शेवटी ‘एल’ स्क्रूने मंद गतीचे व ‘एच’ स्क्रूने पूर्ण गतीचे मिश्रण जुळवतात. ‘एच’ अधिक आवळल्यासही पेट्रोल तुटून दट्ट्यावर तीच आपत्ती ओढवते.