धुरांडी आणि धोरण

३० सप्टेंबर २०२४ या दिवशी ब्रिटनमधील दोन जुन्या आगी विझल्या. नॉटिंगहॅमजवळील रॅटक्लिफ येथे, कोळशावर चालणारे त्या देशातील शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. आणि वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटांच्या पोलाद कारखान्यातील अखेरची झोतभट्टी थंडावली. हवेत मिसळणारा कर्बवायू दोहोंमुळे कमी झाला खरा. परंतु या दोन अखेरींत मोठे अंतर आहे.

प्रथम विजेचा विचार करू. १९९० साली ब्रिटनची सुमारे दोन तृतीयांश वीज कोळशापासून होत असे. त्यानंतर उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूवर चालणारी केंद्रे भराभर उभी राहिली. तेवढ्याच विजेमागे वायूपासून निघणारा कर्बवायू कोळशाच्या जवळजवळ निम्मा असतो. पुढे २००८ साली कर्बवायूची घट कायद्याने बंधनकारक झाली. तथापि २०१२ सालीही कोळशाचा वाटा सुमारे ४० टक्के होताच. २०१३ पासून वीजकेंद्रांच्या कर्बवायूवर सरकारने किमान किंमत बसवली आणि २०१५ मध्ये तीसाठीचा कर टनामागे १८ पौंड केला. कोळसा महाग पडू लागला; २०१९ साली त्याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास उरला.

एवढी घट केवळ कराने झाली काय? नाही. वायूची केंद्रे आधीच उभी होती, समुद्रातील पवनचक्क्याही वाढत होत्या. पर्याय दाराशी होता, म्हणून कर फळास आला. पेरणी कित्येक वर्षांपूर्वीची, कापणी मात्र थोड्या हंगामांत झाली.

पोलादाचे तसे नाही. झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक केवळ उष्णतेसाठी घालीत नाहीत. खनिजातील प्राणवायू काढून घेऊन लोखंड मोकळे करण्याचे कामही तोच करतो. त्यामुळे एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कर्बवायू निघतो. नुसते इंधन बदलून हे संपत नाही. कृतीच बदलावी लागते. पोर्ट टॅलबटला म्हणूनच भंगार वितळवणारी विजेची भट्टी योजण्यात आली आणि तीसाठी सरकारने ५० कोटी पौंडांचे साह्य मान्य केले.

या दोन कथा येथे एकत्र येतात. विजेची भट्टी किती स्वच्छ, हे तिला पुरविली जाणारी वीज ठरवते. वीज कोळशाचीच राहिली असती, तर बराचसा धूर कारखान्याच्या धुरांड्यातून निघून वीजकेंद्राच्या धुरांड्यात गेला असता. म्हणजे आजचे पोलाद हे तीस वर्षांपूर्वीच्या वीजधोरणाचेही फळ आहे.

परंतु नवी भट्टी पेटण्यापूर्वीच जुनी विझली, आणि त्या गावातील सुमारे दोन हजार नोकऱ्या गेल्या. मधल्या काळात परदेशातून आणलेल्या पोलादाचा धूर ब्रिटनच्या हिशेबात दिसत नाही. जगाच्या हवेत मात्र तो असतोच. तेव्हा धोरणाची कसोटी केवळ घटलेल्या आकड्यांत नाही. पर्याय आधी उभा राहिला काय, आणि जुन्या भट्टीपाशी आयुष्य वेचलेल्या माणसाला नव्या कामापर्यंत पोहोचविले काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच ती आहे.