बिनविरोधची बोली

जानेवारी 2021. राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचा धुरळा उडाला होता. मतदान 15 तारखेला होते. त्याच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांची अख्खी निवडणूक रद्द केली. दोन्हीकडे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे अहवाल आणि ध्वनिचित्रफिती आयोगापुढे आल्या होत्या. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या उमराण्यात बोली 2 कोटी 5 लाखांवर, तर खोंडामळीत 42 लाखांवर गेल्याच्या बातम्या तोवर राज्यभर पोचल्या होत्या.

पैसा देवळासाठी होता, कुणाच्या खिशात जाणार नव्हता, अशी गावातून बाजू मांडली गेली. अनेकांना ती पटलीही. मंदिर सगळ्यांचे, गावात भांडण नाही, निवडणुकीचा खर्च नाही, मग बिघडले काय?

बिघडले ते कायद्याने फार पूर्वीच लिहून ठेवले आहे. निवडणुकीतला हक्क म्हणजे फक्त मत देण्याचा हक्क नव्हे. उभे राहण्याचा, न राहण्याचा आणि अर्ज मागे घेण्याचाही तो हक्क आहे, अशी व्याख्या भारतीय दंड संहितेत होती. 2024 मध्ये आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच आहे. हा हक्क कुणी कसा वापरावा यासाठी लालूच दाखवणे म्हणजे लाच. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लाच देवाच्या नावाने दिली म्हणून ती दान ठरत नाही. शिवाय ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नाही, त्या शेतमजुराचा उभे राहण्याचा हक्क लिलावाच्या पारावरच संपतो.

उमराणे हे टोक झाले. पण त्या टोकाकडे जाणारी वाट ‘बिनविरोध’च्या मोठ्या कौतुकातूनच जाते. त्या वर्षी 1,523 ग्रामपंचायती बिनविरोध झाल्या. पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी निवडणूक टाळणाऱ्या गावांना 25 लाखांचा विकासनिधी जाहीर केला होता आणि त्यांचे पाहून इतरांनीही तशा घोषणा केल्या. हेतू चांगला असेल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीने भावकीत पडलेली फूट लग्नाकार्यापर्यंत कशी पोचते, बांधाचे जुने वाद कसे उकरले जातात, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. तरीही सार्वजनिक पैशाने माघारीला बक्षीस लावणे चूकच. रस्ता आणि पाणी हा गावाचा हक्क आहे, तो गावाने मतपेटी उघडली की नाही यावर अवलंबून कसा राहील?

याच निवडणुकीने दोन आदर्श गावांची गोष्टही दाखवली. हिवरे बाजारात तीस वर्षांनी मतदान झाले आणि गावाचे शिल्पकार पोपटराव पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. पाटोद्यात माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या कन्येचा पराभव झाला. दोन्ही निकाल सारखेच मोलाचे आहेत. एका गावाने विश्वास मतपत्रिकेवर नोंदवला, दुसऱ्याने तो दुसरीकडे वळवला. बिनविरोध निवडीत यातले काहीच कळले नसते.

माघारीच्या दिवशी तहसील कचेरीचे आवार पाहावे. दुपारी तीनची मुदत. पॅनेलप्रमुखांच्या गाड्या झाडाखाली, फोन कानाला. एखादा तरुण अर्ज भरून ठाम उभा असतो. आधी चुलते येतात, मग मामा, मग ज्यांच्या शेतात घरचे कामाला जातात ते मालक. पावणेतीनला सही होते. कागदावर ही स्वेच्छेने घेतलेली माघार. एकमत आणि दबाव यांतला फरक त्या कागदावर दिसत नाही. म्हणून माघारीची सही घेताना अधिकाऱ्याने उमेदवाराला एकट्याला आत घेऊन दोन प्रश्न विचारणे हे क्षुल्लक काम नाही.

मतदान झाले तरी सगळे निर्धास्त असते असे नाही. प्रभाग लहान, मतदार काहीशे. मोजणी प्रभागवार होते, त्यामुळे कुठल्या वस्तीने कुणाला दिले याचा अंदाज संध्याकाळपर्यंत चावडीवर बांधला जातो. एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडायचे असल्याने यंत्रावर तितक्या वेळा बटण दाबावे लागते. जागा कोणत्या प्रवर्गाची हे कळावे म्हणून मतपत्रिकेचे रंग वेगळे असतात. तरी पहिल्यांदा मतदान करणारी आजी एकच बटण दाबून वळते आणि केंद्राध्यक्षाला तिला परत बोलवावे लागते. मतदानाआधी वस्तीवर जाऊन यंत्र दाखवणे हा त्यावरचा साधा उपाय.

पण खरी गडबड होते त्याच्या कितीतरी आधी, मतदार यादीत. ग्रामपंचायतीसाठी आयोग वेगळी यादी करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतली जाते आणि प्रभागांत फोडली जाते. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर ते इथे नव्याने घालता येत नाही. फोडताना एका गल्लीतली वीस नावे शेजारच्या प्रभागात गेली, तर चार-पाच मतांनी ठरणारा निकाल तिथेच फिरतो. हे नेहमी डाव म्हणूनच होते असे नाही. घाईत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची चूकही असते. दुरुस्तीचा मार्ग मात्र एकच, प्रारूप यादीवर मुदतीत हरकत. निकाल लागल्यावर दाद मागायची तर दिवाणी न्यायाधीशांकडे 15 दिवसांत जावे लागते आणि तिथला निवाडा कधी होईल हे कुणाच्या हातात नसते.

यादीसारखेच खर्चाच्या हिशेबाकडेही लक्ष हवे. त्या निवडणुकीत सदस्यपदासाठी गावाच्या सदस्यसंख्येनुसार 25, 35 आणि 50 हजारांची मर्यादा होती. हिशेब मुदतीत न देणाऱ्याला आयोग पाच वर्षे अपात्र ठरवू शकतो. हा हिशेब मागून बघण्याचे काम गावातल्या कुणी शिकलेल्या मुलीने वा मुलाने हाती घेतले तर पुष्कळ गोष्टी उजेडात येतील.

तेव्हा आपल्या गावाची प्रारूप यादी तहसील आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, त्या आठवड्यात एकदा जाऊन घरातली सगळी नावे आणि प्रभाग क्रमांक तपासा. शेजाऱ्याचीही तपासा. चूक दिसली तर तोंडी सांगू नका, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.