सोळा नंबरचा रस्ता आणि न आलेली बस

ओसाड महामार्गावरून बायका नाहीशा होतात, एवढं सूत्र हाती आलं की थरारकथेला पुढचं आपोआप सुचतं. धुकं, एक ट्रक, एक खुनी आणि शेवटच्या पानावर त्याचा चेहरा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सोळा क्रमांकाच्या महामार्गावर हे खरंच घडत आलं. तिथे असा एकच चेहरा कधी निघाला नाही.

प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा सुमारे ७२० किलोमीटरचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना जंगल, मधूनच लाकूड कारखान्यांची गावं आणि गितक्सन, वेट्सुवेटन, डाकेल्ह या आदिवासी समाजांच्या वस्त्या. दवाखाना, कॉलेज, नोकरी, बाजार, सगळं पुढच्या गावात. घरी गाडी नाही आणि गावोगाव थांबणारी बसही नाही, म्हणून मुली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून लिफ्ट मागत. १९९८ साली टेरेस गावात या रस्त्यावर बळी गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या मुलींसाठी जागर झाला आणि तेव्हापासून ‘अश्रूंचा महामार्ग’ हे नाव रूढ झालं.

२००२ साली एक गोरी तरुणी इथून बेपत्ता झाली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांचं लक्ष या रस्त्याकडे गेलं. त्याआधी कित्येक वर्षं आदिवासी मुलींचे आईबाप हातात फोटो घेऊन फिरत होते. त्यांच्या वाट्याला असं लक्ष आलं नव्हतं, आणि हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत जिव्हारी लागणारं पान वाटतं.

पोलिसांनी ‘ई-पाना’ हे खास पथक नेमलं ते २००५ मध्ये. त्याच्या यादीत अखेर १८ प्रकरणं आली. १९६९ ते २००६ या काळातले १३ खून आणि पाच बेपत्ता, तीही शेजारचे दोन महामार्ग धरून. स्थानिक लोक हा आकडा चाळिसाच्या वर सांगतात. २०१२ साली डीएनएवरून १९७४ चा एक खून बॉबी जॅक फाउलर या अमेरिकनाने केल्याचं सिद्ध झालं, पण तो २००६ मध्येच ओरेगनच्या तुरुंगात मेला होता. २०१४ मध्ये प्रिन्स जॉर्ज परिसरातले चार खून केल्याबद्दल एका तरुणाला जन्मठेप झाली. यादीतले निम्म्याहून अधिक गुन्हे घडले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. म्हणजे खुनी अनेक होते, आणि त्या सगळ्यांना रस्त्याच्या कडेला एकटी उभी असलेली मुलगी आयती मिळत होती.

हे ओळखायला गुप्तहेर लागत नव्हता. मार्च २००६ मध्ये प्रिन्स जॉर्जला पीडित कुटुंबं, आदिवासी नेते आणि अधिकारी एकत्र बसले. त्यातून ३३ शिफारशी निघाल्या आणि त्यांत अग्रक्रमाने होती बस: गावोगाव थांबणारी, परवडणारी. २०१२ मध्ये भारतीय वंशाचे माजी न्यायमूर्ती वॉली ओपल यांच्या चौकशी आयोगानेही तेच बजावलं. सरकार बैठका घेत राहिलं. २०१५ मध्ये तर प्रांताच्या माहिती आयुक्तांनी ठपका ठेवला की या महामार्गाविषयीचे ईमेल परिवहनमंत्र्यांच्या कार्यालयात पुसून टाकले गेले. त्या चौकशीत शपथेवर खोटं बोलल्याबद्दल एका कर्मचाऱ्याला पुढे दंड झाला.

गावांना जोडणाऱ्या सरकारी बस सुरू झाल्या त्या २०१७ मध्ये. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंड या लांब पल्ल्याच्या खासगी बस कंपनीने पश्चिम कॅनडातली जवळजवळ सगळी सेवा गुंडाळली, तेव्हा प्रांताला तशा गाड्याही स्वतः सोडाव्या लागल्या. बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल जून २०१९ मध्ये आला. त्यात न्यायासाठीच्या २३१ मागण्या आहेत. मोबाइलची रेंज नसलेल्या २५२ किलोमीटरवर सिग्नल पोचवायची घोषणा व्हायला २०२१ उजाडलं.

खुन्यांना शोधणं पोलिसांना अवघड गेलं असेल, पण बस सोडणं अवघड नव्हतं. ती ११ वर्षं अडवून धरणाऱ्यांचा दोष कुठल्याही खुन्याच्या नावावर टाकता येणार नाही.