घरगुती संगणकाचे शीतन आणि शाहूवाडीची हवा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीला खेटून असलेल्या शाहूवाडी तालुक्यात उन्हाळा देशावरच्या मानाने सौम्य असतो. आंबा आणि विशाळगडाच्या बाजूला तर मे महिन्यातही रात्री पांघरूण घ्यावे लागते. तरीही संगणक तापून मध्येच बंद पडणे आणि त्याच्या पंख्याने घर डोक्यावर घेणे या तक्रारी येथेही आहेतच. हवा थंड म्हणजे यंत्रही थंड, हा समज त्यामुळे तपासून पाहण्यासारखा आहे.

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. घरगुती यंत्रातील प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, साधारणपणे 65 वॅट शक्तीचा असतो. जुना 60 वॅटचा दिवा तेवढीच ऊर्जा तळहाताएवढ्या काचेवरून बाहेर टाकीत असे आणि तरी त्याला हात लावता येत नसे. येथे तीच ऊर्जा अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. खरा प्रश्न उष्णतेच्या प्रमाणाचा नाही, तर ती किती लहान जागेतून बाहेर काढायची याचा आहे.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या. तंतू तापल्याशिवाय अशा नलिका काम करीत नाहीत, त्यामुळे उष्णता हा त्या पिढीतील यंत्रांचा स्वभावच होता. पुढे अर्धवाहकांनी ही अडचण काही काळ दूर केली. 1981 सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील 8088 ही चिप उघडीच बसवलेली असे. पंखा होता तो वीजपुरवठ्याच्या पेटीत. 1993 मध्ये आलेल्या पेंटियमपासून मात्र प्रक्रियकाच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा बसू लागला, आणि घरात त्याचा आवाज आला.

शीतनाचे मुख्य प्रकार दोन, वातशीतन आणि द्रवशीतन. दुसऱ्याची मोठी उदाहरणे पुण्यात आहेत. आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रव थेट प्रक्रियकांवरील पट्ट्यांतून फिरवून उष्णता वाहून नेली जाते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत 2018 साली ‘प्रत्युष’ कार्यान्वित झाला. मॉन्सूनच्या अंदाजासाठी लागणारी अवाढव्य गणिते करण्याकरिता तो उभारला गेला. शाहूवाडीवर कोसळणाऱ्या पावसाचा हिशेब ज्या यंत्राने मांडायचा, त्यालाही अहोरात्र थंड ठेवावे लागे. घरगुती वापराला मात्र वातशीतनच पुरेसे आहे. साध्या कामासाठी पाण्याच्या नळ्या बसवणे, हा माझ्या मते हौसेचा भाग.

वातशीतनात उष्णता टप्प्याटप्प्याने प्रवास करते. चिपमधून ती उष्मावाहक लेपात, म्हणजे थर्मल पेस्टमध्ये, जाते. तेथून धातूच्या पातळ पाकळ्यांच्या हीटसिंकमध्ये, पाकळ्यांतून पंख्याच्या हवेत आणि शेवटी खोलीत. तांब्याची उष्मावाहकता हवेच्या दहा हजार पटींहून अधिक आहे. म्हणूनच दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये राहिलेली केसाएवढी फटसुद्धा लेपाने भरून काढावी लागते. काही वर्षांत लेप वाळला, की वाटेतला पहिलाच टप्पा अडतो. खोलीचे तापमान दहा अंशांनी कमी असले, तर चिपही जवळपास तेवढीच थंड राहते. शाहूवाडीच्या हवेचा फायदा एवढाच. वाट कोंडली, तर हा फायदा केव्हाच पुसला जातो. तापमान सुमारे 100 अंश सेल्सिअसजवळ पोहोचले की प्रक्रियक आपली गती स्वतःच कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते.

वाट कोंडते कशाने, हे कॅबिनेटचे झाकण काढून पाहावे. वरून पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. चार स्क्रू सोडवून तो उचलला, की खाली पाकळ्यांच्या तोंडावर करडा-तांबूस, घोंगडीसारखा दाट थर आढळतो. उन्हाळ्यातील तांबडा फुफाटा, कपड्यांचे तंतू आणि चुलीचा धूर यांना पावसाळ्यातील दमटपणा जणू खळ लावून घट्ट बसवतो. कोरड्या मुलखातील धूळ फुंकरीने उडते. ही उडत नाही, चिमटीने सोलून काढावी लागते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, पण त्याची हवा पाकळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

आवाजाचा अर्थही यातून लागतो. आजचे पंखे तापमान पाहून आपला वेग ठरवतात, त्यामुळे सलग घोंघाव हा बहुधा पंख्याचा दोष नसून कोंडलेल्या उष्णतेची वर्दी असते. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने उतरतो. समान रचनेचा 120 मिलिमीटरचा पंखा 80 मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेगात देतो. म्हणून मोठा पंखा शांत. थंडीत सुरू करताना होणारी आणि थोड्या वेळाने विरणारी खरखर ही सुकलेल्या बेअरिंगची खूण. कॅबिनेटवर हात दाबताच थांबणारी थरथर सैल स्क्रूची असते. वायर पात्याला घासत असेल तर ठरावीक टकटक ऐकू येते.

पावसाळ्याचे गणित थोडे उलटे आहे. ओल लागू नये म्हणून यंत्रावर प्लास्टिकचा कागद टाकण्याची पद्धत सरसकट दिसते; बंद यंत्रावर ती ठीक, चालू यंत्रावर घातक. या दिवसांत उष्णता ही उपयोगाची वस्तू ठरते. रोज तासभर चालवलेले यंत्र आपल्याच उबेने आतली ओल हटवते. सुटीत महिनाभर बंद राहिलेल्या यंत्राच्या रॅमचे संपर्क मात्र काळवंडतात, आणि दुरुस्ती करणारे ते खोडरबराने घासून उजळतात. दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिले काढणारा संगणक अनेकदा घरच्या कोऱ्या यंत्रापेक्षा जास्त टिकतो, त्याचे एक कारण हे नियमित चालणे असावे.

सफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास करावी. वीज तोडून, यंत्र पडवीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये, तिच्यातील धारित्रांत वीज साठून राहते. हीटसिंक काढलाच तर जुना लेप पुसून डाळीच्या दाण्याएवढा नवा लावावा. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, संगणकाच्या टेबलाचा बंद कप्पा टाळावा. नवा पंखा बसवताना त्याची दिशा पाहावी. चौकटीला जोडणाऱ्या आडव्या काड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा असावा.