घर तापते तेव्हा

विद्यार्थ्यांनो, उन्हाळ्याच्या सुटीची तुम्ही वर्षभर वाट पाहता. पण ही सुटी येते ती ऐन उन्हात. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव, मालेगाव या शहरांचे रस्ते दुपारी ओस पडतात. मोठी माणसे सांगतात, "उन्हात फिरू नका, घरातच थांबा." हा सल्ला अगदी योग्य आहे. पण घरच तापले तर काय करायचे? ज्यांचे घर चार-पाच मजली इमारतीत, गच्चीच्या अगदी खाली आहे, त्यांनी काय करायचे? या पाठात आपण त्याचाच विचार करू.

उन्हाळ्यात वाहणाऱ्या गरम वाऱ्याला तुम्ही उर्दूत 'लू' म्हणता. 'लू लागली' असे उर्दूत म्हणतात, तेव्हा मराठीत 'ऊन लागले' असे म्हणतात. हाच त्रास जिवावर बेतण्याइतका वाढला, की त्याला 'उष्माघात' म्हणतात. 'उष्णतेची लाट' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढले असेल, तर हवामान खाते त्याला उष्णतेची लाट मानते. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या भागासाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. तापमान ४५ अंशांवर पोहोचले, तर नेहमीचे तापमान किती हे न पाहताही लाट मानली जाते.

पूर आला की तो डोळ्यांना दिसतो. वादळाचा आवाज ऐकू येतो. उष्णतेची लाट मात्र गुपचूप येते. मे २०१० मध्ये गुजरातमधील अहमदाबाद शहराचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक माणसे जास्त मरण पावली. त्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबादच्या महानगरपालिकेने उष्णतेपासून बचावाची योजना तयार केली. पुढे नागपूरसारख्या अनेक शहरांनीही अशा योजना आखल्या.

आता घर का तापते ते पाहू. उन्हाळ्यात दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या मध्याला मुंबईत आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात असा एक दिवस येतो, की भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली पडतच नाही. म्हणजे या दिवसांत सर्वांत जास्त ऊन गच्ची झेलते. गच्ची सिमेंट-काँक्रीटची असते. काँक्रीट हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. दिवसभर साठवलेली उष्णता ते संध्याकाळनंतर घरात सोडू लागते. म्हणूनच रात्री नऊ-दहा वाजता बाहेर थोडी गार हवा असते, पण वरच्या मजल्यावरच्या खोलीत मात्र भट्टीजवळ बसल्यासारखे वाटते. भिंतींचेही तसेच आहे. दुपारनंतरचे तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर पडते. म्हणून ती बाजू जास्त तापते.

याचा एक दाखला अहमदाबादचाच आहे. तेथील एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर होता. उन्हाळ्यात तेथील नवजात बालके उष्णतेने आजारी पडत. डॉक्टरांनी तो विभाग खालच्या मजल्यावर हलवला. त्यानंतर असा त्रास होणाऱ्या बालकांची संख्या कमी झाली. रुग्णालय तेच, शहर तेच. फक्त डोक्यावरची तापलेली गच्ची दूर झाली!

आपल्याला घराचा मजला बदलता येत नाही. पण काही गोष्टी नक्कीच करता येतात.

पहिली गोष्ट गच्चीची. पांढरा रंग ऊन परत फेकतो. इमारतीतल्या सर्वांच्या संमतीने गच्चीवर चुन्याचा पांढरा थर दिला, तर स्लॅब कमी तापतो. हे जमत नसेल, तर गच्चीवर बांबू रोवून कापड किंवा हिरवी जाळी बांधावी. ऊन स्लॅबपर्यंत पोहोचूच देऊ नये, हे मुख्य सूत्र आहे.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. कोरड्या उष्ण हवेच्या शहरांत सकाळी ऊन चढू लागले की खिडक्या बंद कराव्यात आणि पडदे ओढून घ्यावेत. पडदा खिडकीच्या आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावलेला चांगला. ऊन काचेतून एकदा आत आले, की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर बांबूची चटई किंवा जाड कापड टांगले, तर ऊन बाहेरच अडते. सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली, की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. मग वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा घेऊन जातो. मुंबई, भिवंडीसारख्या दमट शहरांत मात्र घर दिवसभर कोंडून ठेवू नये. तेथे ऊन अडवावे, पण वारा खेळता ठेवावा.

तिसरी गोष्ट घरातल्या उष्णतेची. स्वयंपाकाची शेगडी खोली तापवते. म्हणून मोठा स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा. काही मुले दुपारी फ्रीजचे दार उघडून समोर बसतात. त्याने खोली गार होत नाही. फ्रीज आतली उष्णता बाहेर काढून मागच्या बाजूने खोलीतच सोडतो. दार उघडे ठेवले की त्याला अधिक काम पडते आणि खोली उलट जास्त तापते.

आता पंखा आणि कूलर यांचा विचार करू. पंखा हवा गार करत नाही, ती फक्त हलवतो. हलत्या हवेत अंगावरचा घाम लवकर वाळतो. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटते. मातीच्या माठातले पाणी याच कारणाने थंड होते. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पण हवा ४० अंशांच्या वर गेली, की नुसता पंखा गरम हवेचाच मारा करतो. अशा वेळी अंगावर ओले कापड घ्यावे, हातपाय आणि मान ओली करावी आणि मग पंख्याखाली बसावे.

कूलरही पाण्याच्या वाफेवरच चालतो. जुन्या घरांत दारांवर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. वाळा म्हणजे तुमच्या ओळखीचा खस! कूलर हे त्याचेच नवे रूप आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो. कोकणातल्या दमट हवेत पाण्याची वाफ सहज होत नाही, म्हणून तेथे त्याचा फारसा उपयोग नाही. कूलर लावल्यावर दुसऱ्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत नुसता ओलावा साचतो. आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढायलाच हवा. ओल्या हाताने चालू कूलरला स्पर्श करणे जिवावर बेतू शकते. कूलरचे पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी पुसून घ्यावी, म्हणजे डेंग्यूचे डास वाढत नाहीत.

घराइतकीच शरीराचीही काळजी घ्यायला हवी. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. घामावाटे पाणी जाते आणि मीठही जाते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत ही आपली जुनी पेये गुणकारी आहेत, कारण त्यांत पाण्याबरोबर थोडे मीठही असते. फार घाम गेला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी प्यावे. अंगात सैल, सुती आणि फिक्या रंगाचे कपडे घालावेत.

डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे, पायात गोळे येणे ही धोक्याची पहिली सूचना होय. अशा माणसाला गार जागी झोपवावे आणि पाणी पाजावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, बेशुद्ध झाला आणि त्याचे अंग खूप तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. मग एक क्षणही दवडू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाचे जाड कपडे काढावेत, सर्व अंगावर पाणी ओतावे आणि जोरात वारा घालावा. मान, काखा आणि जांघा येथे बर्फाच्या किंवा थंड पाण्याच्या पिशव्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. तापमान सुमारे ४१ अंशांपर्यंत गेले होते. आपल्याला हा आकडा फार मोठा वाटत नाही. पण तेथील लोकांना असल्या उन्हाची सवय नव्हती, हवा दमट होती आणि रात्रीही गारवा मिळत नव्हता. काही दिवसांतच ७०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. अनेकांनी चोरांच्या भीतीने खिडक्यासुद्धा बंद ठेवल्या होत्या. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे अशाच लाटेत मरण पावली. त्यांतही बहुसंख्य वृद्धच होते. या माणसांना वाचवण्यासाठी दर वेळी मोठ्या यंत्राची गरज नव्हती. कोणीतरी दार ठोठावून "कसे आहात?" एवढे विचारायला हवे होते. पाण्याचा पेला द्यायला हवा होता. खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत नेऊन बसवायला हवे होते.

तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहते? तेथे एखादी दादी, एखादे चाचा दुपारी एकटे असतात का? कोणाच्या घरी तान्हे मूल आहे? आजच ही यादी करा. ज्यांचे घर खालच्या मजल्यावर आहे, त्यांनी दुपारी आपले दार या शेजाऱ्यांसाठी उघडे ठेवावे, असे आईवडिलांना सांगा. दुपारचे वाळवण काढायला जिन्याने वर जाताना एक दार वाजवा आणि विचारा, "चाची, पाणी आणू का?" या सुटीत हे काम तुम्ही रोज करू शकता.